लाईट आल्यावरची टकटक

१

नाव आलं होतं, वय आलं होतं, शरीराच्या कुठल्या भागाचा स्कॅन तेही आलं होतं. फक्त डोकं आलं नव्हतं.

डॉक्टर गुरनानी उल्हासनगरच्या आपल्या खोलीत मोठ्या स्क्रीनपुढे बसले होते. वर स्वच्छ अक्षरांत 'वेणू ठाणगे, स्त्री, डोकं' असं उमटलेलं, आणि त्याखाली, जिथे बाईच्या मेंदूची चित्रं एकामागून एक उघडायला हवी होती, तिथे काळाकुट्ट चौकोन. डॉक्टरांचं स्कॅन सेंटर बदलापूरला, बेलवलीत. पेशंट तिथे मशीनमध्ये झोपायचा, चित्रं इंटरनेटवरून उल्हासनगरला यायची आणि डॉक्टर ती बघून फोनवर निदान सांगायचे. हा कारभार चांगला सुरळीत चालला होता. महिन्याभरापासून मात्र नुसती नावं येत होती, चित्रं सीडीवर मागवावी लागत होती.

वेणूबाई जिन्यावरून पडली होती. तिच्या डोक्यात रक्त साठत होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी वाट पाहिली, फोन केले, आरडाओरडा केला. शेवटी बेलवलीहून चित्रांची सीडी रिक्षातून मागवली, तर रिक्षा अंबरनाथच्या गर्दीत अडकली. वेणूबाईचा जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी जिज्ञासा भोईरला बोलावून घेतलं.

जिज्ञासा मूळची सोनिवलीची. बापाने हौसेने हे नाव ठेवलं आणि मग जन्मभर तिच्या प्रश्नांना तोंड देता देता बिचारा मेटाकुटीला आला. आता ती उल्हासनगरात एका गाळ्यात बसून दवाखान्यांची, गोदामांची, वकिलांच्या ऑफिसांची नेटवर्कं दुरुस्त करायची. तिची एक खोड होती. काय बिघडलंय हे ती विचारायचीच नाही. तुम्ही हाताने काय काय केलंत ते विचारायची.

"बेटा, नाम आता है, पेशंट नहीं आता," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते. "माझी सगळी मशीनं महेंद्र सोनवणे बघायचा. हुशार मुलगा. तो असताना असं कधी अडून राहिलं नाही. महिन्यापूर्वी तो अचानक गेला, हार्टनं, आणि त्याची मयत झाली त्याच दुपारपासून हे सुरू. लोक बोलतात भूत आहे. मी भूत मानत नाही. मला त्याच्या बायकोवर डाउट आहे."

"बायको कुठे येते यात?"

"पायल तिथेच टेक्निशियन आहे. स्कॅन तीच करते, पाठवते पण तीच. स्टेशनजवळ नवीन सेंटर उघडलंय, त्यांनी तिला नोकरीची ऑफर दिली, मला समजलंय. आता त्या बिचाऱ्या म्हातारीचे मुलगे दारात येऊन उभे आहेत. मी उद्या पोलीस कंप्लेंट करणार. पायलला काढणार. तिचं सर्टिफिकेट पण रद्द करायला लावणार."

"नवरा जाऊन महिना झाला, आणि तुम्ही तिला पोलिसांत देणार?"

डॉक्टरांनी काळ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. "तू सांग ना मग, कोण खातंय ही चित्रं?"

जिज्ञासाने आजचा दिवस मागून घेतला.

२

बेलवलीतलं ते सेंटर म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे तीन गाळे. दाराच्या चौकटीला नवीकोरी लिंबू-मिरची लटकत होती. आत शिरताच जिज्ञासाच्या लक्षात आलं, इथे माणसं हळू आवाजात बोलतात. पेशंटही कुजबुजत होते.

लिंबू-मिरची सफाई करणाऱ्या गयाबाईंनी बांधली होती. गयाबाईही सोनिवलीकडच्याच, त्यामुळे जिज्ञासा कुणाची कोण हे कळायला त्यांना वेळ लागला नाही, आणि एकदा ते कळल्यावर बाईंच्या तोंडाला खळ उरला नाही.

"तो गेला नाय गं पोरी. हितंच हाय," त्या आतल्या एका बंद दाराकडे बघत म्हणाल्या. "त्या खोलीत. जिता व्हता तवा पन तो तसाच. दुपारची लाईट आली का पयला तो येनार. खोलीत जाऊन दार लावून बसनार. पुढ्यात पडदा नाय, काय नाय, निस्ता काळा डबा. आन त्याच्यापुढं बसून टकटक टकटक बटणं मारनार. मंतर म्हनल्यासारखा. मी झाडू मारताना दाराच्या फटीतून बघितलाय."

"आणि आता?"

गयाबाईंनी जिज्ञासाचं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. "आता पन वाजतंय. लाईट आली का त्या खोलीत टकटक व्हतंय. माणूस मेला, तरी वाजतंय. मी काय खोटं बोलतंय का?"

जिज्ञासाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिने खोलीची किल्ली मागून घेतली आणि दार उघडलं.

खोली कोठीएवढी. एसी बारीक घुरघुरत होता. लाकडी फळीवर एक काळा कॉम्प्युटर, त्याच्यापासून निघालेल्या नेटवर्कच्या दोनच वायरी: एक आत स्कॅन मशीनकडे आणि रिसेप्शनकडे जाणारी, एक बाहेर इंटरनेटच्या डब्याकडे. खाली फुगून तडकलेला यूपीएस, कधीचा मेलेला. फळीवर एक कीबोर्ड होता आणि स्क्रीन कुठेच नव्हता. ज्याच्याकडे बघायचंच नाही अशा कॉम्प्युटरला कीबोर्ड कशाला ठेवला असेल, हा प्रश्न तिला त्या गार खोलीत उगाचच नकोसा वाटला.

"मॅडम, तुम्ही मला पकडायला आलात ना?"

मागे दारात पायल सोनवणे उभी होती. अंगावर टेक्निशियनचा पांढरा कोट, चेहरा ओढलेला, पण नजर सरळ.

"मी मशीन बघायला आलेय," जिज्ञासा म्हणाली. "वेणूबाईंच्या वेळी तुम्ही हाताने काय काय केलंत, तेवढं सांगा."

"रोज करते तेच. स्कॅन केला. चित्रं या डब्यात साठतात. डबाच ती सरांकडे पाठवतो, मला काही करावं लागत नाही. स्कॅनच्या कन्सोलवर लिहून आलं, पाठवतोय... पाठवतोय... आणि मग फेल. मी परत पाठवलं. परत फेल. त्या बाईंचा मुलगा माझ्या खांद्याला धरून हलवत होता, ताई करा ना काहीतरी." "मी काय करणार होते?"

"स्टेशनजवळच्या सेंटरने तुम्हाला नोकरी देऊ केली?"

"केली. मी नाही म्हटलं."

"का?"

पायलची नजर जिज्ञासाच्या खांद्यावरून त्या काळ्या डब्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

३

इंटरनेटची लाईन धर्मेश म्हात्रेची. नव्या लाईनी टाकणारा, मोबाईल कानाला चिकटलेला, स्वतःवर आळ येतोय म्हटल्यावर पंधरा मिनिटांत बाईकवरून हजर झाला.

"ताई, आपली लाईन एकदम मक्खन आहे. चेक करून घे. मयत झाली त्या आठवड्यात मी मॉडेम बदलला, म्हणून सगळे माझ्यावर बिल फाडतायत. अरे, मॉडेम मी आधी बदलला! त्यानंतर दोन दिवस चित्रं जात होती. विचार कोणाला पण."

"महेंद्रला ओळखायचास?"

"दोस्त होता यार." धर्मेशचा आवाज एकदम खाली आला. "बुवापाड्याचा. आम्ही दोघांनी मिळून हे सगळं उभं केलं. या एकाच डब्यात सगळं बसवलं त्याने, चित्रांचं गोदाम पण तोच आणि दारावरची फायरवॉल पण तोच. डॉक्टरला दुसरा डबा घ्यायचा नव्हता ना. गेल्या पावसाळ्यात वीज पडून त्याचं जुनं नेटवर्क कार्ड जळलं. मग डॉक्टरने मोठ्या कौतुकाने नवीन गिगाबिटवालं आणून दिलं, एकदम भारी. ते लावलं आणि हाच लफडा झाला होता बघ."

जिज्ञासा सावरून बसली. "हाच म्हणजे? काळा चौकोन?"

"हां, सेम. महेंद्र दोन दिवस डोकं धरून बसला होता. तिसऱ्या दिवशी सगळं ओके. मी विचारलं, कसं केलंस रे? नुसता हसला. बोलला, जादू." धर्मेशने मान हलवली. "त्याच आठवड्यात स्क्रीन पण काढून टाकला त्याने. बोलला, काय गरज आहे."

जिज्ञासाने मग दोन साध्या चाचण्या केल्या. डॉक्टरांकडून आणलेली वेणूबाईची सीडी तिने रिसेप्शनच्या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि तिथून तीच चित्रं उल्हासनगरला पाठवली. सगळी गेली. डॉक्टरांनी फोनवर ओरडूनच सांगितलं, सगळी दिसतायत. रिसेप्शनचा कॉम्प्युटरही याच काळ्या डब्यातून, याच लाईनवरून बाहेर जात होता. मग तिने पायलला तीच चित्रं डब्यातून पाठवायला सांगितली. उल्हासनगरला नाव उमटलं आणि खाली काळा चौकोन.

म्हणजे लाईन चांगली होती. फायरवॉलचं दारही उघडं होतं, परक्याचा मोठा मालसुद्धा त्या दारातून बिनबोभाट बाहेर जात होता. फक्त डब्याच्या स्वतःच्या पोटातला माल बाहेर पडत नव्हता.

"मी बोललो ना, लाईन नाय," धर्मेश सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पायलकडे बघून गप्प झाला. डब्याजवळ जाणारं माणूस आता एकच उरलं होतं.

फोनवर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "थँक यू बेटा. जे कळायचं ते कळलं मला. मी निघतो तिकडे यायला."

४

दुपारी ठरल्या वेळी लाईट गेली. त्या काळात बदलापूरला लोडशेडिंग म्हणजे जेवणाच्या घंटेसारखं. सेंटर ठप्प व्हायचं, कारण जनरेटर डॉक्टर आज आणतो उद्या आणतो म्हणत होते. पेशंट पायऱ्यांवर जाऊन बसले, धर्मेश वडापाव आणायला गेला. पायल घरी गेली. घर मागच्याच गल्लीत होतं.

जिज्ञासा रिसेप्शनच्या अंधारात बसून राहिली. तिच्या मनात तीन गोष्टी घोळत होत्या. नवं कार्ड लावल्यावर बिघाड आला. महेंद्रने तो घालवला. महेंद्र गेल्यावर तो परत आला. पण दुरुस्त केलेली वस्तू दुरुस्त करणाऱ्याबरोबर मरत नाही. नळ बसवणारा मेला म्हणून कुणाच्या घरचा नळ परत गळायला लागत नाही. मग हे काय होतं?

तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मयतीच्या दुपारपासून. तिने गयाबाईंना विचारलं, "महेंद्र वारला त्या दिवशी चित्रं जात होती?"

"त्या रोजी जात व्हती. दुपारचा खोलीतनं भाईर आला आन पडला हितं पायरीवर. त्याच्या बादचे समदे पेशंट बदलीच्या पोरानं केले, नीट झाले. दुसऱ्या रोजी सकाळी पन झाले, त्याला नेला तवा. मंग दुपारची लाईट गेली, आली, आन तवापासना बंद."

म्हणजे मेल्यानंतरही पुढचं लोडशेडिंग होईपर्यंत त्याचा शब्द चालला होता.

तेवढ्यात पंखे घरघरले, ट्यूबलाईट लुकलुकल्या. लाईट आली होती. आतल्या खोलीत डबा आपोआप चालू झाल्याची एक बारीक शीळ ऐकू आली. मग थोडा वेळ काहीच नाही.

आणि मग बंद दारामागे टकटक सुरू झाली.

गयाबाईंनी पदर तोंडात कोंबला. जिज्ञासाची जीभ टाळ्याला चिकटली होती, हे तिने पुढे अनेकांना न लाजता सांगितलं. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. दार बंद होतं. आणि आत कोणीतरी बटणं दाबत होतं, मध्येच थांबत होतं, परत दाबत होतं, जणू काही विसरलेलं आठवतंय.

ती उठली आणि तिने दार ढकललं. ते उघडंच होतं.

५

आत पायल बसली होती. महेंद्रच्या खुर्चीवर, अंधारात, कीबोर्डवर दोन्ही हात ठेवून. मागच्या गल्लीकडच्या दाराने ती सेंटरमध्ये आली होती, आणि तिची स्वतःची किल्ली आतल्या बाजूने कुलपात अडकलेली होती. तिने वळून पाहिलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखी ती दचकली नाही. फार दमलेली दिसली.

जिज्ञासाने दार लोटून घेतलं. "हाताने काय करत होतीस, ते सांग," ती म्हणाली. अहो-जाहो आपोआप गळून पडलं होतं.

"तो करायचा ते." पायलने हात मांडीवर घेतले. "लाईट गेली की आम्ही दोघं घरी जेवायला जायचो. लाईट आली की तो पुढे यायचा, मी मागची आवराआवर करून यायचे. मी पोचायचे तेव्हा तो इथे शेवटचं काहीतरी टाईप करत असायचा. काय, ते कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायचा, मशीनला उठवतोय. ताई, मला फक्त त्याचा आवाज माहीत आहे. तो गेला आणि चित्रं थांबली. मला वाटलं, तो जे म्हणायचा ते मला म्हणता आलं तर... रोज येते. काहीतरी दाबते. त्याला वाटेल, मी प्रयत्न तरी करतेय."

"म्हणून स्टेशनजवळची नोकरी नाही घेतलीस?"

"तो इथे आहे असं वाटतं मला. आम्ही घरी भूतबित मानत नाही, माझे सासरे किसनमामा तर हे ऐकून मला रागावतील. पण मला वाटतं." तिने डोळे पुसले नाहीत. "तो रागावून चित्रं अडवतोय असं गयाबाई म्हणतात. मला तेही चालतं. निदान आहे तरी."

जिज्ञासाला फार वाईट वाटलं, आणि तरीही तिच्यातली खोड गप्प बसेना.

"मला तो आवाज वाजवून दाखव," ती म्हणाली. "बटणं कुठलीही दाब. लय तेवढी त्याची दे."

पायलने डोळे मिटले. टकटकटक, आणि मोठं बटण. मग जरा लांब टकटक, मोठं बटण. मग थांबून, सगळ्यात लांब टकटक, मोठं बटण. शेवटी अगदी छोटी टकटक आणि मोठं बटण.

"नेहमी असंच?"

"नेहमी."

जिज्ञासा खुर्चीच्या कडेवर टेकली. आत शिरण्याचं नाव. पासवर्ड. एक आज्ञा. आणि बाहेर पडणं. रोज एकच आज्ञा, लाईट आल्यावर, स्क्रीनशिवाय, आंधळेपणाने, पाठ असलेली.

"पायल," ती म्हणाली, "तो गेलाय. आणि चित्रं कोण अडवतंय, तेही मला कळलं."

६

डॉक्टर गुरनानी आले तेव्हा खोलीत दाटी झाली होती. जिज्ञासाने रिसेप्शनचा स्क्रीन आणून डब्याला जोडला होता. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, तेव्हा डबा बंद करून, कुलूप मोडून घरात शिरावं तसं आत शिरून नवा पासवर्ड लावावा लागला. डब्यावरच्या सगळ्या सेटिंगच्या फायली ती ओळीने वाचून बसली होती.

"डॉक्टर, तुमच्या घरी कपड्याचा धंदा होता ना?"

"अभी भी है. भाऊ बघतो."

"मग तुम्हाला चटकन कळेल. समजा, दुकानातून मोठा गठ्ठा निघाला. नियम असा की रस्त्यावर फक्त लहान पुडकीच चालतात, म्हणून गठ्ठा फोडायला लागतो. जुन्या कार्डाच्या वेळी हा डबा गठ्ठा आतच फोडायचा. दारावर वॉचमन आहे, म्हणजे फायरवॉल. त्याचं काम काय, तर प्रत्येक पुडक्यावरचा आतला पत्ता झाकून बाहेरचा पत्ता चिकटवायचा आणि पत्ता बदलला म्हणून वजनाची चिठ्ठी नव्याने लिहायची. समोरचा माणूस वजन ताडून बघतो. जुळलं तर ठेवतो, नाही जुळलं तर न बोलता फेकून देतो."

"बरोबर."

"तुमचं नवीन भारी कार्ड म्हणतं, डब्याला कशाला त्रास? गठ्ठा अख्खाच द्या, मी दाराबाहेर नेऊन फोडतो. म्हणजे वॉचमनपुढे अख्खा गठ्ठा येतो. तो बिचारा त्यालाच एक पुडकं समजून पत्ता बदलतो, एकच चिठ्ठी लिहितो. बाहेर कार्ड गठ्ठा फोडतं. आता एकाही पुडक्याचं वजन चिठ्ठीशी जुळत नाही. उल्हासनगरला सगळं फेकलं जातं. नाव, वय एवढंसं असतं, ते फोडावंच लागत नाही, म्हणून ते नीट पोचतं."

धर्मेशने कपाळावर हात मारला. "आणि रिसेप्शनवरचं?"

"ते तिथूनच लहान पुडकी होऊन येतं. कार्डाला फोडायला काही उरत नाही. म्हणून परक्याचा माल जातो आणि घरचा अडकतो. कार्ड चांगलं, वॉचमनही चांगला. दोघांना एकमेकांचं काम माहीत नाही, एवढाच गुन्हा."

तिने एक ओळ टाईप केली. कार्डाला सांगितलं, गठ्ठे फोडू नकोस. पायलने वेणूबाईची चित्रं पाठवली. डॉक्टरांनी उल्हासनगरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडून त्यांचा असिस्टंट म्हणाला, "सर, नाव आलं." थोडा वेळ खरखर. "सर, आली! सगळी आली!"

गयाबाईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टर पायलकडे वळले. "बेटा, मी... माफ कर," एवढंच ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

मग त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली. "पण ही सेटिंग लाईट गेली की उडते?"

"हो. डबा चालू झाला की कार्ड परत पहिल्यासारखं. महेंद्र दर वेळी येऊन हाताने टाकायचा."

"पर क्यों? सुरू होतानाच्या फाईलमध्ये एक लाईन टाकली की कायमचं झालं असतं ना? एवढा हुशार मुलगा."

जिज्ञासाने ती फाईल मघाशीच वाचली होती. महेंद्रच्या हातच्या कितीतरी ओळी तिथे सुबक मांडलेल्या होत्या. ही एकच नव्हती.

"नवीन कार्ड होतं," ती म्हणाली. "काही दिवस हाताने चालवून खात्री करून घेत असेल. वेळ मिळाला नाही त्याला."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं.

७

सगळे पांगल्यावर पायल म्हणाली, "ताई, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"त्याला ती ओळ लिहिता येत होती."

"येत होती. म्हणूनच त्याने स्क्रीन काढला असणार. कुणी बघू नये म्हणून."

पायलने फळीच्या कडेवर बोट फिरवलं. "किसनमामा अंबरनाथला केमिकलच्या कंपनीत होते," ती म्हणाली. "बॉयलर त्यांच्याशिवाय कुणाला लावता यायचा नाही. साहेब म्हणाले, नवीन पोराला शिकवा. मामांनी मन लावून शिकवलं. पोरगा शिकला त्या महिन्यात मामांना काढलं. महेंद्र तेव्हा दहावीत होता. मामा अजून जेवताना सांगतात, बाबांनो, हातातलं एक तरी काम असं ठेवा, की तुमच्याशिवाय होणार नाही. आमच्या घरी सगळ्या पोरांना हेच शिकवलंय."

जिज्ञासाने मान खाली घातली. वेणूबाईचा लुळा हात तिला दिसत होता आणि किसनमामांचं जेवणाचं ताटही. कुणाला दोष द्यावा हे तिला कळेना, आणि खोटं सांगायचं तर आज एकदा सांगून झालं होतं.

"ओळ मी लिहू?" तिने विचारलं.

"मी लिहिते. मला सांगा."

जिज्ञासा एकेक अक्षर सांगत गेली. पायलने सावकाश, दोन बोटांनी, फाईलमध्ये ती ओळ घातली आणि जपून ठेवली. खात्री करायची तर डब्याची वीज जाऊन परत यायला हवी. जिज्ञासाने विचारलं, "उद्याच्या लोडशेडिंगपर्यंत थांबू या?" पायलने नकारार्थी मान हलवली आणि स्वतः भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीतला आवाज मेला. तिने बटण परत चालू केलं.

दोघी उभ्या राहिल्या. डबा घुरघुरला, शिट्टी वाजली, स्क्रीनवर ओळी सरकत गेल्या. कुणी कीबोर्डला हात लावला नाही. मग पायलने बाहेर जाऊन एका म्हाताऱ्याचा छातीचा स्कॅन केला. कन्सोलवर अक्षरं आली, पाठवतोय, पाठवतोय, आणि मग, पोचलं. उल्हासनगरहून असिस्टंटचा फोन आला, सगळं स्वच्छ दिसतंय म्हणून.

पायल परत खोलीत येऊन खाली बसली आणि रडू लागली. महिन्याभरात ती एकदाही रडली नव्हती, हे गयाबाईंनी नंतर सांगितलं.

"त्या दिवशी सकाळपासून त्याच्या छातीत दुखत होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, आज नको जाऊ. लाईट आली. अर्ध्या भाकरीवरून उठला. म्हणाला, मला जावंच लागेल, माझ्याशिवाय होणार नाही." तिने स्क्रीनवरच्या त्या एका ओळीकडे पाहिलं. "ताई, एवढंसंच होतं?"

जिज्ञासा तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिने पायलचा हात हातात घेतला. बाहेर गयाबाई पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होत्या.